बर्फावरून जाणारा रस्ता

वर्गाच्या भिंतीवर टांगलेला जगाचा नकाशा एकदा जवळून पाहा. उत्तर अमेरिकेच्या वायव्य टोकाला अलास्का आहे. त्याच्या खाली उजवीकडे, कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, डॉसन क्रीक नावाचे लहानसे गाव आहे. तेथून एक रस्ता निघतो. युकॉन प्रदेश ओलांडून तो अलास्कातील डेल्टा जंक्शनला पोहोचतो. हाच अलास्का महामार्ग. तेथून फेअरबँक्स शहर आणि मग ६६६ कि. मी. लांबीचा डाल्टन महामार्ग आपल्याला थेट आर्क्टिक महासागराजवळच्या डेडहॉर्स या ठिकाणी नेऊन सोडतो. एकूण अंतर सुमारे ३,२०० कि. मी. म्हणजे काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत आपला देश जेवढा लांब, जवळजवळ तेवढेच!

चला, या उन्हाळ्यात आपण हा प्रवास नकाशावरून करू. दररोज अडीचशे कि. मी. गेलो, रात्री तंबू ठोकून राहिलो आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात निघालो, तर २१ जूनच्या सुमारास आपण आर्क्टिक वृत्तावर असू. गाडीत तंबू, झोपायच्या उबदार पिशव्या, जादा टायर, पेट्रोलचा डबा आणि मच्छरदाण्या घ्या. डोळ्यांवर बांधायला काळी पट्टीही घ्या. ती कशासाठी, ते पुढे कळेलच. याखेरीज एक प्रश्न सोबत असू द्या. वाटेत जे जे दिसेल त्याला तो विचारायचा : येथे उष्णता कोठून कोठे चालली आहे?

तंबूतील पहिले धडे

डॉसन क्रीकपासून सुमारे ७६५ कि. मी. गेल्यावर लिअर्ड नदीजवळ गरम पाण्याचे झरे लागतात. पाणी ४२ ते ५२ अंश सेल्सिअस. भोवती थंड जंगल आणि मध्ये वाफाळणारे कुंड! आपल्या वज्रेश्वरीची आठवण यावी. कारणही सारखेच आहे. जमिनीत मुरलेले पावसाचे पाणी भेगांतून खूप खोल जाते. खाली जावे तसतसे खडकांचे तापमान दर कि. मी.ला साधारण २५ ते ३० अंशांनी वाढते. तापलेले पाणी दुसऱ्या भेगेतून वर येते. पृथ्वीच्या पोटातून बाहेर येणारी उष्णता येथे पाण्याच्या पाठीवर बसून येते, एवढेच.

रात्री तंबूत झोपताना अंगावर चांगले जाड पांघरूण घेतले, तरी पाठीला गारवा लागतो. असे का? पांघरुणाची ऊब त्यातील अडकलेल्या हवेमुळे असते आणि स्थिर हवा ही उष्णतेची फार मंद वाहक आहे. पण पाठीखालचे पांघरूण आपल्याच वजनाने दबते, हवा निघून जाते आणि शरीराची उष्णता सरळ जमिनीत उतरते. म्हणून जाणकार प्रवासी वरच्या पांघरुणापेक्षा खालच्या जाड चटईची काळजी अधिक घेतात.

दुसरी काळजी अस्वलांची. काळे अस्वल आणि तपकिरी ग्रिझली, दोन्ही या भागात आहेत. अस्वलाचे नाक अतिशय तीक्ष्ण असते. म्हणून स्वयंपाक तंबूपासून शंभर पावले दूर करायचा. अन्न, साबण, दंतमंजनसुद्धा तंबूत ठेवायचे नाही. ते गाडीत किंवा छावणीतील पोलादी पेटीत बंद करायचे. रानात चालताना मोठ्याने बोलत जायचे, म्हणजे अस्वलाला आपली चाहूल लागते आणि बहुधा तेच वाट सोडते. एकदा माणसाच्या अन्नाची चटक लागली, की ते अस्वल पुन्हा पुन्हा येते आणि शेवटी त्यालाच गोळी घालावी लागते. तेव्हा डबा नीट बंद करणे हे अस्वलाच्या प्राणांसाठीही आवश्यक आहे.

रस्त्यावर रानरेडे भेटतील, मूसही भेटेल. मूस हा हरणांच्या कुळातला सर्वांत मोठा प्राणी. लांब काटकुळ्या पायांवर पाचसहाशे किलोंचे धूड! त्याचा गुरुत्वमध्य गाडीच्या टपाच्या पातळीजवळ असतो. भरधाव गाडी धडकली तर ती फक्त पायांना लागते आणि सगळे धूड समोरच्या काचेवर कोसळते. या रस्त्यावर वेग मर्यादेत ठेवायचे हे एक मोठे कारण आहे.

सन १९४२ चा धडा

आता युकॉनमधील क्लुआनी सरोवरापाशी थांबू. ७ डिसेंबर १९४१ रोजी जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. अलास्काला जमिनीवरून जोडणारा रस्ता तेव्हा नव्हताच. अमेरिकी सैन्याने मार्च १९४२ मध्ये काम सुरू केले आणि २० नोव्हेंबर १९४२ रोजी याच सरोवराकाठी रस्त्याचे उद्घाटन झाले. दहा हजारांहून अधिक सैनिक या कामावर होते. त्यांतील सुमारे एकतृतीयांश कृष्णवर्णीय होते आणि त्यांच्या पलटणी त्या काळच्या वर्णभेदी पद्धतीप्रमाणे वेगळ्या ठेवलेल्या होत्या. आठनऊ महिन्यांत अडीच हजारांवर कि. मी. रस्ता म्हणजे विक्रमच!

पण या कामात निसर्गाने अभियंत्यांना एक चांगलाच धडा दिला. रस्ता करायचा म्हणजे आधी झाडे पाडायची, वरचे गवत-शेवाळ खरवडून कठीण जमीन मोकळी करायची, ही सर्वत्र चालणारी रीत. बुलडोझरांनी येथेही तेच केले. खाली जमीन लागली ती खडकासारखी टणक. पण काही दिवसांतच तिचा चिखल झाला. त्यात यंत्रे रुतली, मालमोटारी बुडाल्या. चिखल काढावा, तर खाली पुन्हा टणक जमीन आणि तिचाही पुन्हा चिखल!

ही जमीन गोठलेली होती. जी जमीन सलग दोन वर्षे किंवा अधिक काळ शून्य अंश अथवा त्याखाली राहते, तिला पर्माफ्रॉस्ट म्हणजे कायम गोठलेली जमीन म्हणतात. तिच्यात माती, खडी आणि त्यांना सिमेंटासारखे धरून ठेवणारा बर्फ असतो. आर्क्टिक किनाऱ्याजवळ तिची जाडी सुमारे ६०० मीटर भरते. उन्हाळ्यात वितळतो तो फक्त वरचा अर्धाएक मीटरचा थर.

मग सैनिकांनी नेमके काय बिघडवले? उत्तर शोधायला फार दूर जायला नको. आपल्याकडे बर्फवाला लादीवर भुसा पसरतो आणि वर गोणपाट टाकतो. जून महिन्यातले शेवाळ हा या जमिनीवरचा भुसाच आहे. कोरडे, हवेने भरलेले, उष्णतेचे मंद वाहक. ते काढले आणि काळी माती उघडी पडली. काळा पृष्ठभाग सूर्याची उष्णता अधिक शोषतो आणि ती सरळ खाली जाते.

पण शेवाळाची खरी गंमत पुढेच आहे. उन्हाळ्यात ते उष्णतेला आत जाऊ देत नाही. मग हिवाळ्यात बाहेर तरी का जाऊ देते? याचे कारण असे, की शरद ऋतूत शेवाळ पाण्याने भिजते आणि मग गोठते. बर्फ हा पाण्याच्या जवळजवळ चौपट चांगला उष्णतावाहक आहे. कोरड्या शेवाळाच्या तुलनेत तर कितीतरी अधिक. म्हणजे उन्हाळ्यात बंद आणि हिवाळ्यात उघडे, असे हे उष्णतेचे एकेरी दार आहे. जमिनीतील उष्णता त्यातून बाहेर जाऊ शकते, पण बाहेरची सहजासहजी आत येऊ शकत नाही. सैनिकांनी हे दारच उखडून टाकले होते.

चूक ध्यानात आल्यावर त्यांनी रीत बदलली. शेवाळ तसेच ठेवायचे, त्यावर झाडांचे ओंडके आडवे रचायचे आणि वर खडीचा जाड थर द्यायचा. आज हा रस्ता पक्का झाला आहे. तरी क्लुआनीपासून अलास्काच्या सीमेपर्यंत गाडी होडीसारखी वरखाली होते. खालचा बर्फ कोठे वितळतो, कोठे पुन्हा गोठून फुगतो, त्याच्या या लाटा!

नळीतला एकेरी मार्ग

डेल्टा जंक्शनजवळ आपल्या रस्त्याला एक चकाकणारी तेलवाहिनी येऊन मिळते. आर्क्टिक किनाऱ्यावरील प्रूडो बे येथील तेल दक्षिणेच्या वाल्डीझ बंदरात नेणारी ही १,२८७ कि. मी. लांबीची वाहिनी १९७७ मध्ये सुरू झाली. नळाचा व्यास १.२२ मीटर. तिच्या बांधकामाचे सामान नेण्यासाठीच १९७४ मध्ये अवघ्या पाच महिन्यांत डाल्टन महामार्ग बांधला गेला. सर्वसामान्य प्रवाशांना तो शेवटपर्यंत खुला झाला १९९४ मध्ये.

भूगर्भातून येणारे तेल गरम असते. असा गरम नळ गोठलेल्या जमिनीत पुरला, तर काय होईल ते आता तुम्हीच सांगाल. म्हणून निम्म्याहून अधिक लांबीत, सुमारे ६७६ कि. मी., ही वाहिनी खांबांवर उचललेली आहे. पण लोखंडी खांब हेही उष्णतेचे वाहकच. उन्हाळ्यात त्यांतून उष्णता खाली उतरेल, खांब खचतील. यावर अभियंत्यांनी काढलेला तोडगा भौतिकशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने समजून घ्यावा असा आहे.

खांबांत बंद नळ्या बसवल्या आहेत. सगळ्या मिळून सुमारे १ लाख २४ हजार. प्रत्येक नळीत थोडा अमोनिया आहे. हिवाळ्यात वरची हवा उणे ३०, उणे ४० अंश होते, तर खालची जमीन शून्याच्या थोडीच खाली असते. म्हणजे जमीन हवेपेक्षा ‘गरम’! नळीच्या तळाचा द्रव अमोनिया जमिनीची उष्णता घेऊन उकळतो. वाफ वर जाते, नळीच्या वरच्या थंड पात्यांपाशी तिचे संघनन होते, उष्णता हवेत सुटते आणि द्रव पुन्हा ओघळून तळाशी येतो. हे चक्र हिवाळाभर चालते व जमीन अधिकच थंड होते. उन्हाळ्यात काय? आता वरचे टोक गरम. वाफेचे संघनन होत नाही, द्रव आपणहून वर चढत नाही, चक्र थांबते. मोटार नाही, वीज नाही, बटण नाही. गुरुत्वाकर्षण आणि अप्रकट उष्णता यांच्या बळावर चालणारे हे दुसरे एकेरी दार. शेवाळ जे करत होते, तेच काम माणसाने नळीत बसवले.

वाहिनी नागमोडी का, तेही पाहू. पोलादाचा प्रसरणांक दर अंशाला सुमारे ०.००००१२ आहे. तापमान ८० अंशांनी बदलले, तर एक कि. मी. लांबीचा नळ किती वाढेल? १,००० × ०.००००१२ × ८० = ०.९६ मीटर. जवळजवळ एक मीटर! सरळ नळ ताणाने वाकला किंवा फुटला असता. नागमोडी नळ आडवा थोडासा सरकतो, बस्स. त्याच्या बुडाशी टेफ्लॉन लावलेले पाये आहेत. ते आडव्या तुळयांवर घसरतात. ३ नोव्हेंबर २००२ रोजी डेल्टा जंक्शनच्या दक्षिणेस वाहिनीखालचा डेनाली प्रस्तरभंग ७.९ तीव्रतेच्या भूकंपात सरकला. जमीन काही मीटर हलली. तेल मात्र सांडले नाही.

मध्यरात्रीचा सूर्य

फेअरबँक्स सोडून आपण डाल्टन महामार्गाला लागतो. बराचसा रस्ता खडीचा, अवजड मालमोटारींचा. गाडीचे दिवे दिवसाही लावायचे आणि मालमोटारीला वाट द्यायची. युकॉन नदीचा पूल ओलांडला, की थोड्या अंतरावर आर्क्टिक वृत्ताची पाटी लागते. आज २१ जून. तंबू येथेच ठोका.

मध्यरात्रीच्या सूर्याची क्षितिजापासूनची उंची काढायचे सूत्र सोपे आहे : अक्षांश अधिक सूर्याची क्रांती वजा ९०. आज क्रांती २३ अंश २६ कला, आपले अक्षांश ६६ अंश ३४ कला. उत्तर शून्य. म्हणजे सूर्याचा मध्य बरोबर क्षितिजावर यावा. प्रत्यक्षात हवेतील अपवर्तनामुळे सूर्य सुमारे अर्ध्या अंशाने वर उचललेला दिसतो आणि त्याचा व्यासही अर्ध्या अंशाचाच. त्यामुळे डोंगर आड आले नाहीत, तर सबंध बिंब दिसते. काळी पट्टी कशासाठी, ते आता कळले ना? मुंबईत याच दिवशी सव्वातेरा तासांचा दिवस असतो. येथे चोवीस तासांचा. डेडहॉर्सला तर सूर्य दोन महिन्यांहून अधिक काळ मावळतच नाही.

आणखी एक गोष्ट. सूर्य सर्वांत खाली येतो तो घड्याळात बारा वाजता नव्हे, तर दोनच्या सुमारास. असे का? या जागेचे रेखांश सुमारे १५१ अंश पश्चिम आहेत, घड्याळ १३५ अंशांचे आहे आणि उन्हाळ्यात ते एक तास पुढे केलेले असते. दर अंशाला चार मिनिटे या हिशेबाने उत्तर स्वतः काढून पाहा.

चोवीस तास ऊन असूनही जमीन गोठलेली कशी राहते? एक तर किरण तिरपे पडतात, तीच उष्णता मोठ्या क्षेत्रावर पसरते. वसंतातले बर्फाच्छादन बरेचसे ऊन परत फेकते. आणि एक ग्रॅम बर्फाचे पाणी करायला ८० कॅलरी लागतात; तेवढ्या उष्णतेत तेच पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापले असते. उन्हाळ्याची कमाई वरचा थर वितळवण्यातच खर्च होते, तोच पुन्हा हिवाळा येतो.

प्राण्यांची उपाययोजना

कोल्डफूट या थांब्यावर पेट्रोलची टाकी भरून घ्या. पुढे डेडहॉर्सपर्यंत ३८६ कि. मी. एकही पंप नाही. मग झाडे संपतात. १,४४४ मीटर उंचीची अटिगन खिंड लागते. आपल्या कळसूबाईपेक्षा ती ठेंगणीच, पण जूनमध्येही तिच्यावर बर्फ पडू शकतो. कड्यांवर पांढऱ्या डाल मेंढ्या दिसतील. खिंडीपलीकडे समुद्रापर्यंत उतरत जाणारे उघडे मैदान, टुंड्रा.

येथे पाऊस फार थोडा पडतो, तरी जिकडेतिकडे तळी आहेत. खालची जमीन गोठलेली, पाणी मुरणार कोठे? साचलेल्या पाण्यात डासांचे थवेच्या थवे जन्मतात. त्यांना टाळण्यासाठी कॅरिबूंचे कळप वाऱ्याच्या टेकड्यांवर किंवा उरलेल्या बर्फावर जाऊन उभे राहतात. कॅरिबू बर्फात उभा असताना त्याच्या पायांची उष्णता जात नाही का? त्याच्या पायात धमनी आणि शीर अगदी लगत असतात. खाली जाणारे गरम रक्त आपली उष्णता वर येणाऱ्या थंड रक्ताला देऊन टाकते. खूर थंड राहतात आणि शरीर गरम.

मस्क ऑक्सचा उपाय वेगळा. लांब केसांखाली अतिशय मऊ लोकरीचा थर आणि आटोपशीर, गोलसर देह. देहाची लांबी-रुंदी-उंची दुप्पट झाली, तर पृष्ठफळ चौपट होते, पण घनफळ आठपट. म्हणजे मोठ्या प्राण्याला उष्णता गमावणारी कातडी त्या मानाने कमी. मस्क ऑक्स अलास्कातून शिकारीने पूर्ण नष्ट झाला होता. १९३० मध्ये ग्रीनलंडहून ३४ प्राणी आणले गेले. आज या रस्त्यावरून दिसणारे कळप त्यांचे वंशज आहेत.

सर्वांत नवलाचा आहे तो या भागातील जंगलात राहणारा रानबेडूक. त्याला ना लोकर, ना चरबी. तो उष्णता राखण्याच्या भानगडीतच पडत नाही. हिवाळ्यात पालापाचोळ्याखाली तो चक्क गोठतो. शरीरातील निम्म्याहून अधिक पाण्याचा बर्फ होतो, हृदय थांबते. पण त्याआधी यकृत पेशींमध्ये भरपूर ग्लुकोज पाठवते. विरघळलेल्या साखरेमुळे पेशींतील पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो, बर्फ पेशींच्या बाहेर होतो आणि पेशी वाचतात. वसंतात बेडूक वितळतो व उडी मारून पाण्याकडे जातो.

सरकणारा डोंगर

डाल्टन महामार्गावर खिंडीच्या अलीकडेच एक साधा दिसणारा उतार आहे. गोठलेली माती, दगड, झाडे यांची एक प्रचंड जीभ तेथे डोंगरावरून खाली सरकत आहे. तापमान वाढले तसा तिचा वेगही वाढला. अखेर २०१८ मध्ये तेथील रस्ताच उचलून आणखी खाली न्यावा लागला. अलास्का जगाच्या सरासरीच्या दोनतीनपट वेगाने तापत आहे. हिवाळे उबदार झाले, की उष्णतेचे एकेरी दार पूर्वीइतके उघडत नाही. शेवाळ शाबूत आहे, पण बाहेरची हवाच पुरेशी थंड नाही. मग जमिनीतली उष्णता जाणार कोठे? किनाऱ्यावरील इनुपिआट लोक पिढ्यान्‌पिढ्या गोठलेल्या जमिनीत खोल तळघरे खणून देवमाशाचे मांस साठवत आले. त्यांतील काही तळघरांत आता पाणी शिरते आहे.

हा प्रश्न फक्त तेथील लोकांचा नाही. फेअरबँक्सच्या उत्तरेस फॉक्स येथे १९६० च्या दशकात गोठलेल्या जमिनीत एक बोगदा खणला गेला. त्याच्या भिंतींत हजारो वर्षांपूर्वीची मुळे, गवत आणि हाडे आहेत आणि आत कुबट वास येतो. हे सारे सेंद्रिय द्रव्य गोठल्यामुळे कुजायचे राहिले आहे. जगातील अशा सर्व जमिनीत मिळून सुमारे १,५०० अब्ज टन कार्बन आहे. वातावरणात आहे त्याच्या जवळजवळ दुप्पट. जमीन वितळली, की सूक्ष्मजीव कामाला लागतात आणि त्यातील काही भाग कार्बन डायऑक्साइड व मिथेन होऊन हवेत येतो. हवा आणखी तापते, जमीन आणखी वितळते. त्या हवेला सरहद्द नसते. शिवाय आपल्या लडाखच्या उंच भागातही अशी गोठलेली जमीन आहे आणि तिच्यावरून आपले रस्ते जातात.

युकॉनमध्ये बीव्हर क्रीकजवळ २००८ पासून रस्त्याच्या बांधावर निरनिराळे प्रयोग केले गेले : फिकट रंगाचा पृष्ठभाग, हिवाळ्यातील थंड हवा खेळवणारे मोठ्या दगडांचे थर, बांधाच्या उतारावर बर्फ साचू न देणाऱ्या छपऱ्या. यांतील प्रत्येक उपाय उष्णतेला बाहेरची वाट मोकळी करण्याचा किंवा आतली वाट बंद करण्याचाच आहे.

तुम्हीही करून पाहा

तीन सारख्या वाट्यांत ओली वाळू भरून ती शीतपेटीत गोठवा. एकीवर काही घालू नका. दुसरीवर दोन सें. मी. कोरडा भुसा पसरा, तिसरीवर तेवढाच, पण भिजवलेला. प्रत्येकीच्या मध्यभागी एक लोखंडी खिळा वाळू गोठण्यापूर्वीच उभा रोवून ठेवा. तिन्ही वाट्या उन्हात ठेवा आणि दर पाच मिनिटांनी खिळा हलतो का ते पाहून वहीत नोंद करा. ओल्या भुशाचा निकाल कोरड्यापेक्षा वेगळा आला का? आला असेल, तर तो वहनामुळे की बाष्पीभवनामुळे? हे ठरवण्यासाठी प्रयोगात कोणता बदल कराल? शिक्षकांशी चर्चा करा आणि तो बदल करून प्रयोग पुन्हा करा.